अण्णांनी मागून घेतलेलं वर्ष

आई गेली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मी अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सहा महिन्यांसाठी कॅनडात माझ्याकडे, कनाटाला आणलं. दोन हजार चार-पाचचे दिवस होते ते. टेलिकॉम कंपन्यांची पडझड नुकतीच होऊन गेली होती. आमच्या मजल्यावरची निम्मी क्युबिकल्स रिकामी होती आणि उरलेल्यांत मी होते. नवरा प्रोजेक्टसाठी आठवडाभर दुसऱ्या शहरात, नॉर्थ यॉर्कच्या कॉन्डोत राहायचा, मुलगी युनिव्हर्सिटीत गेलेली. घरात मी आणि अण्णा दोघंच. मला तेच हवं होतं. पंचेचाळीस वर्षांच्या बाईला हे शोभत नाही, पण मला माझे वडील सहा महिने एकटीला हवे होते.

त्याला कारण होतं. मी अडीच वर्षांची असताना अण्णा व्हिएतनामला गेले. ते सरकारी खात्यात स्टेनोग्राफर होते. त्या देशाचे तेव्हा दोन तुकडे झाले होते, मधे शस्त्रसंधीची रेषा आखलेली होती, आणि दोन्ही बाजू ती पाळतात का हे बघायला भारत, कॅनडा आणि पोलंड या तीन देशांचा आयोग नेमलेला होता. अध्यक्षपद भारताकडे. कुठल्याही बाजूने तक्रार केली, की तिन्ही देशांचे अधिकारी मिळून जागेवर जायचे, चौकशी करायचे, अहवाल लिहायचे. तो अहवाल टाइप करायचं काम अण्णांचं. ते परत आले तेव्हा मी साडेचार वर्षांची होते. दारात उभ्या असलेल्या माणसाला मी "काका" म्हटलं, असं आई सांगायची. सगळे हसले म्हणे. अण्णा हसले का, ते ती कधी बोलली नाही.

त्या काळाबद्दल अण्णांनी आम्हाला काहीच सांगितलं नाही. विचारलं तर, "ऑफिस होतं. टायपिंग करत होतो." तिथली एक सवय तेवढी त्यांच्याबरोबर आली होती. काचेच्या ग्लासात तळाशी कंडेन्स्ड मिल्क ओतायचं आणि वरून कडक काळी कॉफी. पुण्यात तो डबा आणायचा म्हणजे आईच्या कपाळाला आठ्या पडायच्या.

त्या ग्लासामुळेच सगळं सुरू झालं. जून महिन्यातला शनिवार होता. अण्णा घरामागच्या डेकवर कॉफी घेऊन बसले होते. आमच्या आणि शेजारच्या अंगणात कमरेएवढं लाकडी कुंपण. पलीकडे एक उंच, पांढऱ्या भुवयांचे गृहस्थ एकटे राहायचे. दहा वर्षांत त्यांचं-माझं बोलणं "हाय" आणि "यंदा स्नो फार" याच्या पुढे गेलं नव्हतं. ते कुंपणाशी आले, ग्लासाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "सायगाव की हनोई?"

अण्णा उठून उभे राहिले. मी स्वयंपाकघरातून बघत होते. "दोन्ही," ते इंग्रजीत म्हणाले. "तुम्ही?"

"कॅनडाच्या तुकडीत. तेव्हा कॅप्टन होतो."

अण्णा परतल्यावर वर्षभराने ते तिथे पोचले होते. दोघांची गाठ कधी पडली नव्हती, पण तोच व्हिला, तेच गळकं विमान, तोच स्वयंपाकी. त्या दिवशी जेवण तीनदा गरम केलं. अण्णा त्यांना "कॅप्टन" म्हणू लागले आणि ते अण्णांना "मिस्टर चेअरमन". तीस वर्षं नोटबुक घेऊन साहेबासमोर बसलेल्या माझ्या वडिलांना कोणी चेअरमन म्हणतंय, हे ऐकून मला हसू यायला हवं होतं. ते काही आलं नाही.

मग रोज सकाळी दहा वाजता कॅप्टन यायचे. मी साडेपाचला घरी पोचायचे तोवर अण्णांचं बोलणं संपलेलं असायचं. मी वरण-भात वाढायचे, समोर बसायचे, विचारायचे, "आज काय गप्पा झाल्या?"

"काही नाही गं, असंच जुनं."

"मलाही सांगा की."

"त्यात सांगण्यासारखं काय आहे? टायपिंग करत होतो."

कॅप्टनसाठी दिवसभर पुरणारं जुनं माझ्यापाशी एका वाक्यात संपायचं. मी त्यांच्यासाठी मराठी मंडळाच्या कार्यक्रमाची तिकिटं काढली, ते म्हणाले पाय दुखतात. कॅप्टनबरोबर मात्र तळ्यापर्यंत चालत जाऊन बदकं बघून आले. मी ऑफिसात बसून घड्याळाकडे बघायचे. दहा वाजले की आता त्यांनी कुंपण ओलांडलं असेल, असं वाटायचं आणि समोरचा टेस्ट रिपोर्ट दिसेनासा व्हायचा.

एकदा मी रीसायकलिंगचा निळा डबा बाहेर ठेवत होते, तर कॅप्टन आपल्या ड्राइव्हवेवरून मला बघून हसले आणि भलत्याच भाषेत काहीतरी बोलले. चढउताराचं, गाण्यासारखं. मला कळलं नाही. ते म्हणाले, "तुझ्या वडिलांना व्हिएतनामी भाषेतलं हे एकच वाक्य येतं. बाजारातल्या बायका विचारायच्या ना, म्हणून शिकले. 'मला एक मुलगी आहे, तीन वर्षांची.' ती तू!"

मी "ओह, नाइस" असं काहीतरी म्हणाले आणि आत आले. माझ्याबद्दलचं वाक्य, माझ्या वडिलांचं, आणि ते मी परक्या माणसाच्या तोंडून ऐकलं, तेही मला न कळणाऱ्या भाषेत. त्या संध्याकाळी कुकरच्या किती शिट्या झाल्या ते मला कळलं नाही. डाळ खाली लागली. अण्णा म्हणाले, "करपल्याचा वास येतोय." मी म्हटलं, "येऊ दे."

जुलैत मी एका शुक्रवारची रजा काढली. दोघांनीच थाउजंड आयलंड्सला, नदीतली बेटं बघायला जायचं, बोटीत बसायचं, मला काय काय विचारायचं ते ठरवलेलं. आदल्या दिवशी अण्णा म्हणाले, "कॅप्टनही येतील म्हणतात. चालेल ना?" नाही कसं म्हणणार? कॅप्टनचे पाय लांब म्हणून ते पुढे माझ्या शेजारी बसले, अण्णा मागच्या सीटवरून पुढे वाकून बोलत राहिले, आणि मी दोन तास गाडी चालवली. बोटीवर कोणाला तरी वाटलं मी त्यांची गाइड आहे.

ऑगस्टमध्ये एका शनिवारी त्यांचं बिनसलं. खिडकीला नुसती जाळी होती, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं. कॅप्टन तिथे रुजू झाल्यावर वाचलेल्या एका फायलीबद्दल बोलत होते. एका बाजूने तक्रार केली होती, की दुसऱ्या बाजूने रेषेच्या या अंगाला पहाऱ्याची झोपडी बांधली आहे. तीन देशांची टीम गेली, तीन दिवस राहिली आणि अहवालात लिहून आली, की 'एक झोपडी दिसली.'

"दिसली!" कॅप्टन हसत म्हणाले. "कोणी बांधली नाही, कधी बांधली नाही, कोणाची नाही. नुसती दिसली! ते वाक्य वाचून आम्ही मेसमध्ये लोळून हसलो होतो. कुठल्या पळपुट्याने सुचवलं असेल?"

अण्णांनी ग्लास खाली ठेवला. मग म्हणाले, "तो शब्द माझा होता."

कॅप्टनना वाटलं गंमत करतायत. ते आणखी मोठ्याने हसले. अण्णा उठले, ग्लास उचलला, आत आले आणि त्यांनी सरकता दरवाजा लावून घेतला. पलीकडे कॅप्टन अर्धवट उठून तसेच उभे राहिले.

मला आनंद झाला. तो इतका चटकन झाला, की मी सिंककडे तोंड फिरवलं, अण्णांना दिसू नये म्हणून. संध्याकाळी मी मुद्दाम शिरा केला. पुढचे दोन दिवस अण्णा माझ्याबरोबर फिरायला आले, ग्रोसरीला आले, माझ्या ऑफिसचीही चौकशी केली. मला वाटलं, आता माझी पाळी.

मंगळवारी मी घरून काम करत होते. अण्णा अंघोळीला गेलेले. कॅप्टन पुढच्या दाराशी आले, हातात लांब पाकीट. वर 'मिस्टर चेअरमन' असं लिहिलेलं आणि कोपऱ्यात तारीख, ऑफिसात घालतात तशी. "मी मूर्खपणा केला," ते म्हणाले. "एवढं त्यांना देशील?"

"हो, नक्की," मी म्हणाले. दार लावलं, पाकीट विंटर टायर्सच्या पावत्या असतात त्या ड्रॉवरमध्ये ठेवलं, आणि वर फ्लायर्सचा गठ्ठा. संध्याकाळी देऊ असं मनात होतं. संध्याकाळी अण्णा स्वतःहून माझ्या लहानपणच्या एका मास्तरांची आठवण सांगत बसले, आणि मी म्हटलं, उद्या.

शुक्रवारी कॅप्टननी कुंपणापलीकडून हळू आवाजात विचारलं, "दिलंस?"

"दिलं," मी म्हणाले.

"काही म्हणाले?"

"नाही."

त्यांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी ते एक किल्ली आणि कागदावर लिहिलेला नंबर घेऊन आले. ओकव्हिलला मुलाकडे जातोय, केव्हा येईन सांगता येत नाही, झाडांना पाणी घाल. त्यांचा मुलगा त्यांना कायमचं तिकडे बोलावतोय हे मला माहीत होतं. गाडी वळून दिसेनाशी होईपर्यंत मी ड्राइव्हवेवर उभी होते. पाकीट ड्रॉवरमध्येच राहिलं.

अण्णा माझ्याजवळ होते, पण बोलणं परत आटलं. डेकवर बसायचे ते कुंपणाकडे पाठ करून. पुढच्या रविवारी सकाळी गवार निवडताना म्हणाले, "कॅप्टनचा पडदा आठवडाभर हललेला नाही."

"ओकव्हिलला गेलेत. मुलाकडे."

"मला न सांगता?" गवारीची शेंग त्यांच्या हातात तशीच राहिली. "तिथे सगळे हमरीतुमरीवर यायचे गं. पण हात मिळवल्याशिवाय कोणी विमानात चढत नसे."

मी उठले, ड्रॉवर उघडला आणि पाकीट त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी कोपऱ्यातली तारीख वाचली. बोटांवर मोजलं.

"बारा दिवस. त्यांना काय सांगितलंस?"

"तुम्हाला दिलं म्हणून."

मला वाटलं ते ओरडतील. त्यांनी पाकीट न उघडता सदऱ्याच्या खिशात ठेवलं आणि उरलेली गवार शेवटच्या शेंगेपर्यंत निवडली. मग विचारलं, "ओकव्हिल किती लांब?"

"पाच तास."

"फोन कर त्यांना. येतो म्हणावं."

वाटेतलं किंग्स्टन मागे पडलं. मग त्यांनी विचारलं, "का केलंस?"

"तुम्ही त्यांना सगळं सांगता." मी रस्त्याकडे बघत म्हणाले. "मला कधी एक शब्द सांगितला नाहीत. मी तुम्हाला काका म्हटलं होतं, अण्णा. दोन वर्षं तुम्ही नव्हता, आणि ती दोन वर्षं तुम्ही त्या माणसाला देऊन टाकलीत."

त्यांनी बाहेरच्या मक्याच्या शेतांकडे तोंड वळवलं.

"पोस्टिंग एकाच वर्षाचं होतं," ते म्हणाले.

मला आधी कळलंच नाही.

"पहिलं वर्ष हुकमाचं. दुसरं मी अर्ज करून मागून घेतलं. तुझ्या आईला लिहिलं, की सरकारने मुदत वाढवली. तिला शेवटपर्यंत तेच माहीत होतं."

"का?"

मग त्यांनी मला ती झोपडी सांगितली. नदीतून जाणारी ती रेषा, नदी संपून डोंगर सुरू होतात तिथे, फक्त नकाशावर होती, पेन्सिलने काढलेली. पेन्सिलच्या त्या रेघेची जाडी प्रत्यक्ष जमिनीवर शंभर-सव्वाशे पावलं भरायची, आणि झोपडी नेमकी त्या जाडीत. कॅनडाचे अधिकारी म्हणाले, 'बांधली' लिहा, म्हणजे करारभंग झाला. पोलंडचे म्हणाले, 'होती' लिहा, म्हणजे आधीपासूनच होती. दोन्ही बाजूंचे लष्करी अधिकारी टेबलाच्या दोन टोकांना एकमेकांकडे न बघता बसलेले. ठरलं नाही, तर दोघंही तिथे आणखी माणसं आणणार हे सगळ्यांना कळत होतं. अण्णांनी ते पान अकरा वेळा टाइप केलं. तिसऱ्या दिवशी भारताचे साहेब डोकं धरून बसले असताना अण्णांनी विचारलं, "सर, 'दिसली' लिहू का?"

"सगळे माझ्याकडे बघायला लागले," अण्णा म्हणाले. "वाटलं, आता नोकरी गेली. मग पोलंडवाल्याने मान हलवली. मग कॅनडावाल्याने. त्यानंतर मसुदा करताना साहेब थांबले, की माझ्याकडे बघायचे. पुण्यात मला कोणी विचारलं नव्हतं, बाळ, की शब्द कोणता ठेवू. नंतरही कोणी विचारलं नाही."

मी पुढच्या सर्व्हिस सेंटरला, हायवेवरच्या थांब्यावर, गाडी थांबवली आणि वॉशरूममध्ये जाऊन दार लावून घेतलं. दोन महिने मी कॅप्टनवर जळत होते. तिथे उभी असताना मला एका झोपडीचा हेवा वाटत होता. तीन वर्षांच्या मुलीपेक्षा ती त्यांना मोलाची वाटली होती. डोळ्यांवर पाणी मारून बाहेर आले तर अण्णा दोन कप चहा घेऊन उभे. एक माझ्या हातात दिला.

ओकव्हिलला मुलाच्या घराच्या दारात कॅप्टन वाट बघत होते. मी आधी बोलले. "पाकीट मी दिलं नव्हतं. तुमच्याशी खोटं बोलले."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, अण्णांकडे पाहिलं. "असं होय," एवढंच म्हणाले. मग, "मिस्टर चेअरमन, आत या."

जेवणाच्या टेबलावर अण्णांनी पाकीट उघडलं. अहवालासारखा लिहिलेला एकच कागद होता. कॅप्टननी लिहिलं होतं, की तो शब्द तुमचा आहे हे माहीत नसताना मी हसलो, त्याबद्दल माफी मागतो. अण्णांनी चष्मा लावला आणि पेन्सिल मागितली.

"'माफी' नको. 'खेद' पुरे."

"चूक माझीच आहे," कॅप्टन म्हणाले.

"ते तुम्ही एकट्याने ठरवायचं नाही. आणि तुमचं मत कुठे आहे? घाला. 'तो शब्द पळवाट होता, असे एका सदस्याचे मत आहे.'"

"तुम्हाला चालेल?"

"पळवाटच होती ती," अण्णा म्हणाले. "पण त्या दिवशी तेवढीच वाट होती. हेही घाला."

कॅप्टन म्हणाले, दुसरं वाक्य पहिल्याला मारतं. अण्णा म्हणाले, मग मधे 'तथापि' टाका. कॅप्टनना 'तथापि' मान्य नव्हतं. अण्णा खुर्चीच्या कडेला सरकून बसले होते, मान किंचित वाकडी, पेन्सिल कागदापासून बोटभर वर. कॅप्टन काय म्हणतात ते पूर्ण ऐकून घ्यायचे आणि मग एकच शब्द बदलायचे. त्यांचे डोळे इतके जिवंत मी कधी पाहिले नव्हते; माझ्या लग्नातही नाही, मुलगी झाली तेव्हाही नाही. दोन तास मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून तो माणूस बघत होते, ज्याने दुसरं वर्ष मागून घेतलं. का मागितलं ते मला कळलं. कळलं म्हणून दुखायचं थांबलं नाही.

शेवटी कॅप्टन म्हणाले, "आणि हा कागद उशिरा पोचला, त्याचं काय?"

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. माझे कान तापले. अण्णांनी पेन्सिल टेकवली आणि लिहिलं, 'पत्र बारा दिवसांनी मिळाले.'

कॅप्टन वाचून खो खो हसले. "मिळाले!" टेबलावर थाप मारून म्हणाले. यावेळी अण्णाही हसले. मग दोघांनी सह्या केल्या आणि उभं राहून हात मिळवला.

कॅप्टन सप्टेंबर अखेरपर्यंत कनाटाला परत येऊन राहिले. दहाची बैठक पुन्हा सुरू झाली. एखाद्या शनिवारी ते मला खुर्ची सरकवून देत, पण मी पाच मिनिटांत काहीतरी काम काढून उठायचे. मनातली जळजळ गेली नव्हती. आता ती लपवायची गरज उरली नव्हती, एवढंच. स्नो पडायच्या आत कॅप्टन कायमचे ओकव्हिलला गेले, आणि ऑक्टोबरात अण्णा पुण्याला.

विमानतळावर जाताना मी म्हटलं, "तुमच्या दुसऱ्या वर्षात इकडे काय झालं, सांगू?"

"सांग."

मी मला आठवत होतं आणि आई सांगायची ते सगळं सांगितलं. मला गोवर झाला. मी ओट्यावरून पडले, हनुवटीला तीन टाके पडले. 'र' म्हणता यायला लागला. शेजारच्या मुलीच्या वडिलांना मी आठवडाभर अण्णा म्हणत होते, आणि आईने मला मारलं.

अण्णा मधेमधे विचारत होते. गोवर कुठल्या महिन्यात? टाके कोणी घातले? आई एकटी घेऊन गेली की बरोबर कोणी होतं? मी म्हटलं, गोवर संक्रांतीच्या सुमारास. ते आठवून म्हणाले, "तेव्हा आम्ही डोंगरात होतो. आठ दिवस पत्र आलं नव्हतं." माझा एक महिना, त्यांचा तोच महिना, असं करत आम्ही होळीपर्यंत आलो, तोवर पार्किंगचं वळण आलं. बॅगा उतरवल्या. आत शिरताना ते म्हणाले, "उरलेलं फोनवर सांग. कागद-पेन्सिल घेऊन बसतो."